न जळणारी चुंबळ

आळेफाट्यावर गॅरेजांच्या रांगेमागं आमचं शेड अजून उभं आहे. शेड म्हणजे काय, तीन भिंती, एक मोठं फाटक आणि वर पत्रा. पत्र्याला इतकी भोकं पडलीत की दुपारी आत उन्हाची चाळण होते. मधोमध एक भट्टी आहे, लोखंडी कपाटापेक्षा थोडी मोठी, अंगाला गंज चढलेली. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधलेली ही पहिली भट्टी. तिच्या दाराला कुलूप आहे. ते मी लावलंय, आणि उघडायची वेळ येऊ नये असं मला रोज वाटतं.

गेल्या महिन्यात रस्ता रुंद करणारी माणसं आली, टेप धरून इकडंतिकडं फिरली आणि भिंतीवर लाल फुली मारून गेली. त्यातल्या एकानं भट्टीवर थाप मारली.

"ताई, ही बी हलवावी लागंल बरं का. आत काय ठिवलंय?"

"चुंबळी."

"कसल्या चुंबळी?"

"डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात त्या. बायकांचं सामान आहे, भाऊ. तुम्हाला काय करायचंय?"

तो हसला. हसू दे. आत बावीस चुंबळी आहेत. तेवीस असायला हव्या होत्या. ती एक राहिलेली चुंबळ सहा वर्षं माझ्या जिवाला लागून राहिली होती, आणि भिंतीवरची फुली बघितल्यावर, भट्टी हलायच्या आत ती आणायलाच हवी हे मला कळलं.

तात्या चिंचवडकडं एका भट्ट्यांच्या कारखान्यात कामाला होते. मी पाचवीत असताना ते नोकरी सोडून घरी आले आणि म्हणाले, आता आपल्या भट्ट्या आपणच बांधायच्या. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय, आपल्याकडं कांदा पिकतो, भट्टी कोण घेणार? पण आळेफाटा म्हणजे ट्रकांचं गाव. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसले की ते तापवून, वाकवून, पुन्हा कडक करायला भट्टी लागतेच. मग संगमनेरकडून, नगरकडून, नाशिकच्या बाजूनं माणसं यायला लागली. कुणाला कपबश्या भाजायच्या असत, कुणाला यंत्राचे दाते कडक करायचे असत. फाटकावर निळी पाटी होती: 'कारखान्याच्या भट्ट्या बांधून मिळतील. जुन्या भट्टीच्या विटा व दाराची दोरी बदलून मिळेल.' खाली तात्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'एकदा बांधली की काळजी नाही.' ती पाटी मी उतरवून उलटी करून ठेवली आहे.

डोळे मिटले की आधी वास येतो. भिजवलेल्या मातीचा, डिझेलचा, आणि नवी भट्टी पहिल्यांदा तापली की विटांतून निघणाऱ्या कोमट वाफेचा. तो वास आला की भूक लागायची, का ते देव जाणे. मग आवाज. विटा लावायचं काम शैलाच्या वडिलांचं. शैला माझी मैत्रीण, आमच्या शेजारची. तिचे वडील प्रत्येक वीट कानाशी धरून लाकडी हातोडीनं टकटक करायचे. खणखणीत वाजली तर आत, बद वाजली तर बाहेर. "बोलती वीट लावायची, मुकी न्हाई," असं ते म्हणायचे. आणि या सगळ्याखाली बर्नरची एकसुरी घरघर, दिवसभर. सुट्टीच्या दिवशी ती बंद असली की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पण भट्टीचा खरा जीव तिच्या दारात. विटा कितीही चांगल्या असू देत, दार नीट बसलं नाही तर धग बाहेर पडते, माल कच्चा राहतो आणि जवळ उभ्या माणसाच्या भुवया जातात. म्हणून दाराच्या कडेनं खाच असते आणि त्या खाचेत जाड पांढरी दोरी दाबून बसवतात. ती दोरी जळत नाही. कशानंच जळत नाही. तयार मिळणारी दोरी आमच्या खाचेत कधी धड बसायची नाही, कुठं जाड तर कुठं सैल. तात्या वैतागायचे. शेवटी त्यांनी मुंबईहून त्या पांढऱ्या कापसासारख्या मालाच्या गोणी मागवल्या आणि आत्यापुढं ठेवल्या.

आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. सगळी वस्ती तिला आक्का म्हणायची. आमच्या घरची मेंढरं आजोबांबरोबर संपली होती, पण आत्याची लोकर कातायची चाती कोनाड्यात तशीच होती. तिनं गोणीतला एक पुंजका काढला, बोटांत चोळला, हुंगला.

"मेंढरापरास मऊ हाय रं," ती तात्यांना म्हणाली. "ह्याची दोरी व्हय? आन हिकडं."

आणि चाती फिरायला लागली. मांडीवर घासून चातीला गिरकी द्यायची, वर हात नेत धागा लांबवायचा, मग तीन धागे एकत्र पिळायचे, तीन पेडांची दोरी. शेडच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथं ऊन यायचं, तिथं ती बसायची. त्या उन्हाच्या पट्ट्यात पांढरं काहीतरी सतत तरंगत असायचं, इतकं बारीक की हात फिरवला तरी हाताला लागायचं नाही. संध्याकाळी आत्या उठायची तेव्हा तिचे केस, भुवया, लुगड्याच्या निऱ्या सगळं पांढरं झालेलं असायचं. मी आणि शैला टाळ्या पिटायचो. "आक्का म्हातारी झाली! आक्का म्हातारी झाली!" ती मुद्दाम कमरेत वाकून काठी टेकल्यासारखी चालून दाखवायची आणि मग आमच्या अंगावर लुगडं झटकायची. आम्ही किंचाळत पळायचो. अगं बाई, किती हसायचो आम्ही तेव्हा.

गोणीवर लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. रिकाम्या गोणीचं आईनं पायपुसणं केलं होतं. मी रोज त्याच्यावर पाय पुसून शाळेत जात होते आणि शाळेत इंग्रजीत पहिली येत होते. मला वाचता येत होतं. मी वाचलं नाही.

नवी भट्टी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एक रीत होती. भट्टी तापवायची, दार लावायचं आणि आत्यानं उदबत्ती पेटवून दाराच्या कडेकडेनं सावकाश फिरवायची. गिऱ्हाईक टोपी काढून हात जोडायचं. त्यांना वाटायचं पूजा चाललीय. खरं तर तो तपास होता. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला तर दार पक्कं. कुठं धूर थरथरला, बाहेर फेकला गेला, तर तिथं गळती. आत्याला बोट ठेवून जागा सांगता यायची. धूर सगळीकडं सरळ गेला की ती उदबत्ती भट्टीच्या माथ्यावर खोचायची आणि म्हणायची, "गळती न्हाई. दार पक्कं बसलं." मगच नारळ फुटायचा. पुढं पुढं तर लांबलांबचे कारखानदार फोनवर सांगायचे, दोरी बदलायला त्या बाईंनाच पाठवा. मग नऊवारीतली आमची आत्या पिशवीत दोरीचं भेंडोळं घेऊन यष्टीनं नाशिकला, नगरला जायची. कारखान्याच्या दारात वॉचमन उठून उभा राहायचा, हे ती आल्यावर तीनतीनदा सांगायची.

आणि मग ते वाण. मी आठवीत होते. संक्रांत महिन्यावर आली होती आणि आईचं ठरत नव्हतं की हळदीकुंकवाला या वर्षी काय लुटायचं. कंगवे झाले, वाट्या झाल्या. आत्या हातातली दोरी पिळता पिळता म्हणाली, "उरल्यालं तुकडं हायेत. चुंबळी करू का? चुलीवरचं पातेलं उतरीवलं की थेट तिच्यावर. जळायची न्हाई, काळी पडायची न्हाई. जल्माची चुंबळ."

कुणाला सुचलं असतं असं? आमच्याच घराला सुचलं. आत्यानं महिनाभर बसून बावीस चुंबळी वळल्या, प्रत्येकीला लाल दोऱ्याचा काठ. संक्रांतीला बायका आल्या, आईनं हळदीकुंकू लावून एकेक हातात दिली. एकीनं तिथंच आमच्या चुलीतला निखारा चिमट्यानं उचलून चुंबळीवर ठेवला. चुंबळीला काही झालं नाही. बायकांनी एकच गिल्ला केला. "गं बया! खरंच जळंना की!"

आत्या पुढं आली नाही. विधवा बाया हळदीकुंकवात पुढं येत नसत. ती मागच्या खोलीत बसली होती, आणि तिच्याजवळ शैला. शैलाचं घर बौद्धांचं, त्यांच्याकडं हळदीकुंकू नसतं. मी तिळगूळ घेऊन मागं गेले तेव्हा त्या दोघी दाराच्या फटीतून बघत होत्या. बाहेर बायका आत्याच्या चुंबळी डोक्यावर ठेवून मिरवत होत्या. आत्याचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "समद्यांच्या घरात माझा हात गेला बघ, शैले," ती म्हणाली. "मला न बोलावता."

शैलाचं लग्न ठरलं, राजुरीला. तिला आत्यानं तेविसावी चुंबळ दिली. ती सगळ्यांत जाड, सगळ्यांत देखणी होती, काठाला लाल आणि निळा असे दोन दोरे. वाण म्हणून नाही, आहेर म्हणून, स्वतःच्या हातानं, मांडवात सगळ्यांच्या देखत. शैला आत्याच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. ती चुंबळ तिच्याबरोबर गेली ती राजुरीत स्थिरावली.

पुढची वर्षं मला नीट लावता येत नाहीत. उसात बिबट्या आल्याच्या बातम्या होत्या. आज या मळ्यात कुत्रं नेलं, उद्या त्या वाडीत शेरडू नेलं. दिवस कलला की सगळी वस्ती दारं लावून घ्यायची. आईही कडी घालायची, वर आडणा लावायची, दोनदा हलवून बघायची. आणि आत घरात कोपऱ्यात पांढऱ्या मालाची गोणी उभी असायची, कारण शेडला ओल आली होती आणि माल भिजू नये म्हणून तात्यांनी ती घरी आणली होती. आम्ही तिला टेकून टीव्ही बघायचो.

त्याच सुमारास आत्याला ढास लागली. कोरडी ढास, थुंकी नाही, ताप नाही. आधी आईनं अडुळसा केला. मग मंचरला डॉक्टर झाले, सुया झाल्या. आत्या म्हणायची, "थंडीचं हाय. जाईल." थंडी गेली, ढास गेली नाही. शेडपासून घरापर्यंतच्या वाटेत ती आधी एकदा थांबायची, मग दोनदा, मग चिंचेखाली बसायला लागली. चाती मात्र सुटली नाही. मी एकदा रागावले, तर म्हणाली, "लोकर झडली म्हनून मेंढरू मरतं व्हय गं? बस गप."

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून निरखला. मग विचारलं, "या काय काम करतात?"

तात्या म्हणाले, "घरकाम."

मी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीच मग सांगितलं, दोरी, पांढरा माल, सगळं. डॉक्टरांनी त्या मालाचं नाव उच्चारलं, त्याची धूळ फुफ्फुसात रुतून बसते म्हणाले, आणि मला त्या पायपुसण्यावरची लाल अक्षरं एकामागून एक दिसायला लागली. तेच नाव. खाली धुळीबद्दलची ओळ: श्वासात जाऊ देऊ नका. आठ वर्षं माझ्या पायाखाली. तात्यांनी घरी येऊन गोणी उचलली आणि शेडमध्ये नेऊन टाकली. त्यानंतर त्यांनी नवी भट्टी बांधली नाही. पुढं दोन वर्षांनी तेही गेले, पण त्यांचं मरण साधं होतं, झोपेत.

आत्या शेवटी अंथरुणाला खिळली. बसूनच झोपायची. एका सकाळी आईनं देवापुढं उदबत्ती लावली होती. आत्यानं खुणेनं ती मागितली. मी म्हटलं, "अगं, धुरानं ढास लागेल तुला." तिनं डोळे वटारले. तशाही हालतीत डोळे वटारायची. मी उदबत्ती तिच्या हातात दिली. तिनं ती आपल्या तोंडासमोर धरली, भट्टीच्या दारासमोर धरायची तशी. धूर सरळ वर जात होता. तिचा श्वास त्याला हलवत नव्हता. ती बघत राहिली, आणि हसली.

"गळती न्हाई," ती म्हणाली. "दार पक्कं बसलं."

तिनं माझं मनगट धरलं. एकेक शब्द ती धाप टाकत बोलत होती. "चुंबळी परत आन. समद्या. पर कशापायी ते कुनाला सांगू नगं. माझं येवढंच हाय गं लोकांच्या घरात." मी हो म्हटलं. तिच्या हातात हात देऊन हो म्हटलं. चार दिवसांनी ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी घरोघर फिरले. प्रत्येकीला एकच थाप मारली: आत्याची आठवण म्हणून सगळ्या चुंबळी एकत्र ठेवायच्यात. बदल्यात स्टीलचा स्टँड दिला. कुणी लगेच दिली, कुणी डोळ्याला पदर लावून दिली. एकीच्या चुंबळीत मांजरीचं पिल्लू झोपलं होतं. एकीचा नातू दात येत होते म्हणून ती चघळत होता. ती मी त्याच्या तोंडातून ओढून घेतली आणि तो भोकाड पसरून रडला. घरी येऊन मी त्या जाळायला काढल्या आणि मग लक्षात आलं, या जळत नाहीत. तोंडाला फडकं बांधून बावीसच्या बावीस पहिल्या भट्टीत कोंबल्या आणि दार लावलं. दाराच्या खाचेत आत्याचीच दोरी होती. हल्ली मी मंचरला असते, शिवणक्लास चालवते. राजुरी काही लांब नाही. पण शैलासमोर ती थाप मारायची माझी छाती झाली नाही. आज जाते, उद्या जाते, करत सहा वर्षं गेली.

परवा गेले. राजुरीत डाळिंबाच्या बागेला लागून तिचं घर. दुपारची वेळ. शैलानं मला बघून मिठीच मारली, पाणी आणलं, चहा ठेवला. मी पिशवीतून स्टँड काढला आणि पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "शैले, आत्याची चुंबळ..."

"अगं, तिचंच तर काम चाललंय बघ!" ती हसत म्हणाली. "दोन्ही नणंदांनी लई धोशा लावला व्हता. आमाला बी न जळनारी पायजेल. तीन पेडांची व्हती ना ती? मागल्या साली मीच उसवली. एकेक पेड वळून दोगींना दिला. आक्कांचा हात समद्यांच्या घरात जाऊ दे म्हटलं. तिसरा राह्यलाय, तो पोरगी सोडवतीय. तिला बाहुलीची चुंबळ करायचीय."

मी ओट्याकडं पाहिलं. शैलाची नऊ-दहा वर्षांची पोर उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून बसली होती. मांडीवर तो पेड सोडवलेला. ती बोटांनी एकेक धागा मोकळा करत होती, फुंकर मारून गुंता सोडवत होती. तिच्याभोवती ते पांढरं तरंगत होतं. तिच्या केसांवर, पापण्यांवर. तिनं माझ्याकडं बघून हसून म्हटलं, "मावशी, मी म्हातारी झाले."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शैला म्हणते, मी पोरीचं नाव घेऊन ओरडले, जणू पोर विहिरीत पडत होती. धावत जाऊन मी तिला उचललं, अंगणात नेलं आणि म्हटलं, "शैले, पाणी. आधी पाणी आण. आणि त्या दोरीला हात लावू नकोस."

पोरीच्या डोक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतता ओतता मी सगळं सांगितलं. गोणी, लाल अक्षरं, डॉक्टर, उदबत्ती. आत्याला दिलेला शब्दही सांगितला, आणि तो मोडला. पांढरं पाणी फरशीवरून वाहत डाळिंबाच्या आळ्यात जात होतं. शैला टॉवेल धरून उभी होती.

"आक्का कवा सांगून गेल्या तुला?"

"जायच्या आधी चार दिवस."

"म्हंजी सहा वरसं झाली." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "सहा वरसं तुला म्हाईत हाय. आन मी गेल्या वर्साला ती उसवली. ह्या ओट्यावर बसून. पोरगी मांडीवर डोकं ठिवून पडली व्हती माझ्या."

आत्याचं नाव जपायला गेले आणि आत्याचा हात खरंच सगळीकडं पोचवला मी. शैलानं पोरीचं डोकं पुसलं, तिला आत नेऊन दुसरा फ्रॉक घातला. मी तोंडाला ओढणी बांधली, ओलं फडकं घेऊन ओटा पुसला, ते फडकं आणि तो पेड दोन्ही पिशवीत घालून पिशवीची गाठ मारली. तेविसावी पुरी झाली नव्हती. तिच्यातली दोन तृतीयांश अजून बाहेर होती, कुठल्या तरी दोन स्वयंपाकघरांत, गरम पातेल्यांखाली.

शैला बाहेर आली. हातात मोबाईल होता. तिनं थोरल्या नणंदेचा नंबर लावला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"मी न्हाई सांगनार," ती म्हणाली. "तू सांग. आक्कांचं नाव घिऊन सांग."

रिंग वाजत होती. आत पोरगी खोकली, एकदाच, ओल्या केसांनी खोकतात तशी. आम्ही दोघींनी दाराकडं पाहिलं. मग फोन उचलला गेला.

"हॅलो? कोन बोलतंय?"

"मी," मी म्हटलं, "चुंबळवाल्या आक्कांची भाची बोलतेय."